दोरी कोणाच्या हातात?

समजा, तुमचं वय एकोणीस आहे आणि तुम्हाला पोहता येत नाही. अंगावर पूर्ण गणवेश, पायात बूट, आणि तुम्ही तरणतलावाच्या उंच फळीवर उभे आहात. खाली पाणी किती खोल आहे ते तुम्हाला आधी सांगितलेलं आहे, पण त्या माहितीचा या क्षणी काडीचा उपयोग नाही. मागे रांगेत तुमच्यासारखीच तीस-चाळीस पोरं. शेजारचा उस्ताद म्हणतो, "मार उडी."

इथपर्यंत मामला फारसा अवघड नाही. सैन्यात भरती झालात, तर हुकूम पाळायचा हे ओघानं आलंच. तुम्ही उडी मारता. खरा प्रश्न पुढच्या मिनिटाला सुरू होतो. नाकातोंडात पाणी गेलं आहे, काठाला कसाबसा हात लागला आहे, आणि तुम्ही म्हणता, "पुरे. मला बाहेर येऊ द्या." उस्ताद म्हणतो, "नाही. परत आत."

बरोबर कोण?

उत्तर द्यायची घाई करू नका. "माणुसकी म्हणून बाहेर काढावं" असं आपण चटकन म्हणतो, कारण आपण कोरडे आहोत. उस्तादाच्या बाजूनंही बरंच बोलता येतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

अमिरातीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय जरा परका वाटेल. इथे २०१४ साली राष्ट्रीय सेवेचा कायदा आला. १८ ते ३० वयाच्या इमिराती पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची झाली. बारावी झालेल्यांना सुरुवातीला नऊ महिने, न झालेल्यांना दोन वर्षं; पुढे मुदतीत बदल होत गेले. मुलींना ती ऐच्छिक आहे. आपली मुलं या कायद्यात येत नाहीत. पण तुमचा भाऊ किंवा बहीण सिंगापूरला असेल, तर त्यांना विचारा. तिथे कायमच्या रहिवाशांच्या दुसऱ्या पिढीतल्या मुलग्यांनाही सेवा चुकत नाही, आणि मुलगा सोळा-सतराचा झाला की मराठी घरांतही त्याच्या चर्चा सुरू होतात. अमेरिकेत कुणावर सक्ती नाही, तरी नौदलात आणि मरीन्समध्ये आपल्या आडनावांची मुलं आता दिसतात. नौदलात जायचं म्हटलं, की जगात कुठेही पाणी चुकत नाही.

पाण्याचं हे शिक्षण असतं तरी काय? अमेरिकी नौदलाची सगळ्यात खालची परीक्षा पाहा. उंचावरून खोल पाण्यात उडी, पन्नास यार्ड पोहणं, पाच मिनिटं पालथं तरंगणं. मग कपड्यांचा तरंगा करणं. हे मला फार आवडतं. पाण्यात असतानाच पँट काढायची, पायांच्या टोकांना गाठ मारायची, कमरेच्या बाजूनं हवा भरून तोंड पाण्याखाली घट्ट धरायचं, आणि ती फुगलेली पँट गळ्याभोवती घेऊन तरंगत राहायचं. ओलं कापड हवा बऱ्यापैकी धरून ठेवतं. हवा कमी झाली की पुन्हा भरायची. यात वेगाला महत्त्व नाही, शैलीला नाही. शक्ती वाचवायची, घाबरायचं नाही, आणि कुणीतरी येईपर्यंत जिवंत राहायचं.

सैनिकी शिक्षणातल्या बाकी बहुतेक गोष्टी दुसऱ्यासाठी असतात. नेमबाजी शत्रूसाठी, कवायत पलटणीसाठी, सॅल्यूट साहेबासाठी. पाण्यात तगून राहणं मात्र त्या पोराच्या स्वतःच्या जिवासाठी असतं. त्याचा जीव वाचावा म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करायची, अशी ही तिरपागडी गोष्ट आहे.

आणि आपल्याला ती नवी नाही. तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना विचारा, पोहायला कसे शिकलात. पाठीला सुका भोपळा, नाहीतर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, कुठे पांगाऱ्याचं हलकं लाकूड. कमरेला कासरा, त्याचं टोक विहिरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या काकाच्या हातात, आणि दुसऱ्या काकानं मागून दिलेला धक्का. आपण 'सांगड घालणं' म्हणतो, त्यातली सांगड म्हणजे मुळात असे भोपळे एकत्र बांधून केलेला तरंगाच. तुमची परवानगी कुणी विचारली नव्हती. तरी आज त्या काकाबद्दल कुणाच्या मनात राग नसतो, उलट गप्पांत कौतुक असतं. का? काका प्रेमळ होता म्हणून? काही काका अजिबात प्रेमळ नव्हते. माझ्या मते कारण त्या कासऱ्यात आहे. त्याकडे मी येतोच.

आधी उस्तादाची बाजू. ती मांडायला अमिरातीच्या समुद्राइतकी योग्य जागा नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'दारा' ही बोट मुंबई ते बसरा अशी आखाती बंदरं घेत जायची. विमानं परवडत नव्हती त्या काळात आपली माणसं इकडे आली ती अशाच बोटींनी. एप्रिल १९६१ मध्ये ती दुबईला थांबली असताना वादळ आलं, आणि धोका नको म्हणून कप्तानानं ती खुल्या समुद्रात नेली. बोटीवर प्रवासी होते, खलाशी होते. शिवाय नातेवाइकांना सोडायला आलेले, माल चढवणारे, किरकोळ विक्री करणारे असे लोकही होते. त्यांना कुठेच जायचं नव्हतं, उतरायला मिळालं नाही इतकंच. ८ एप्रिलच्या पहाटे स्फोट झाला. आग, अंधार, खवळलेलं पाणी, गर्दीनं भरलेल्या लाइफबोटी. ८१९ जणांपैकी २३८ गेले. पुढे चौकशीत स्फोट सुरुंगाचा ठरला, पण तो वेगळा विषय.

त्या पहाटे कुणी कुणाला विचारलं नाही की तुझी तयारी झाली आहे का. उस्तादाचं म्हणणं हेच असतं. "मी याला हळूहळू, याच्या कलानं शिकवीनही. पण बोट बुडताना समुद्र याच्या कलानं घेणार आहे का? घाबरून गेल्यावर काय करायचं हे घाबरल्याशिवाय कसं शिकणार? आज माझ्यासमोर घाबरू दे." यात तथ्य आहे, आणि मी ते पुरतं मान्य करतो. ज्याला भीतीची ओळखच झालेली नाही, त्याला पाण्याचं शिक्षण मिळालं असं म्हणता येणार नाही. आपल्या बिल्डिंगच्या कोमट, निळ्या, चार फुटी पूलमध्ये दहा वर्षं पोहलेलं मूल खोरफक्कानच्या लाटेत पाच मिनिटांत गांगरू शकतं.

तेव्हा पाण्यात उतरवण्याची सक्ती मला मूळातच अन्यायाची वाटत नाही. माझी शंका दुसऱ्या टोकाला आहे: पाण्यातून बाहेर कधी यायचं हे कोणी ठरवायचं?

याचं उत्तर याच किनाऱ्यावर, शाळा-कॉलेजांच्या आणि सैन्यांच्या कितीतरी आधी, एका दोरीत बांधलेलं होतं.

दुबई, शारजा, रास अल खैमा, अबूधाबी ही गावं तेलाच्या आधी मोत्यांवर जगली. जूनच्या आसपास बोटी निघायच्या आणि सप्टेंबरपर्यंत समुद्रावर राहायच्या. मोती मग मुंबईच्या बाजारात यायचे. इथे भारतीय रुपया १९६० च्या दशकापर्यंत चालला, त्यामागे हाच व्यापार होता. बोटीचा प्रमुख नोखादा. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' त्याचा सख्खा भाऊच, एकाच फारसी शब्दाची ही दोन पोरं. पाण्यात उतरणारा तो घैस, आणि बोटीवर त्याची दोरी धरून उभा असणारा तो सैब.

घैसाला दोन दोऱ्या असत. एकीला दगड. तो पायात अडकवून घैस झपाट्यानं तळाशी जाई, आणि दगड वर ओढून घेतला जाई. दुसरी दोरी जिवाची. नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची टोपली, श्वास रोखलेला. मिनिटभर, कधी थोडा जास्त, तळावरचे शिंपले गोळा करायचे. श्वास संपत आला की दोरीला हिसका द्यायचा, आणि वर सैबानं हातावर हात टाकत त्याला भराभर ओढून घ्यायचं.

हा धंदा काही रम्य नव्हता. पर्यटकांना दाखवतात त्या चित्रांवर जाऊ नका. घैस बहुधा नोखादाच्या कर्जात असायचा. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामात ती फिटायची नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तीच बोट. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. म्हणजे पाण्यात उतरायचं की नाही, हे ठरवायचं स्वातंत्र्य त्याला जवळपास नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी हा व्यापार मोडला, तेव्हा बरीच गावं उपाशी राहिली. पण त्यात शोक करण्याजोगं सगळंच होतं असं नाही.

तरीही या इतक्या अन्यायी व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. हिसका आला की ओढायचं. सैबानं विचार करायचा नाही की हा खरंच दमला आहे की कामचुकारपणा करतो आहे. टोपली अर्धी रिकामी असेल, नोखादा चिडेल, ते नंतर. 'अजून दहा सेकंद थांब, तुला जमेल' असं वरून ठरवायला वाव नव्हता, कारण तळाशी काय चाललं आहे ते वरच्याला दिसत नव्हतं. खाली जाण्याची सक्ती दुसऱ्याची, वर येण्याचा शब्द मात्र खालच्याचा.

विहिरीतला कासराही तोच. काकानं धक्का दिला त्याबद्दल आपण त्याला माफ करतो, कारण आपण "काका!" ओरडलो तेव्हा त्यानं ओढलं.

आता दोन प्रसंग पाहा, जिथे दोरी ओढली गेली नाही. दोन्ही अमेरिकेतले आहेत. तिथे खटले झाले, साक्षी झाल्या, म्हणून आपल्याला ते तपशिलात माहीत आहेत. बाकीची सैन्यं अधिक दयाळू आहेत असा निष्कर्ष कृपया काढू नका.

पहिला ८ एप्रिल १९५६ चा. (तारीख 'दारा'चीच, पाच वर्षं आधी.) साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर मरीन्सच्या रंगरुटांचा तळ आहे. रविवारची रात्र. स्टाफ सार्जंट मॅथ्यू मॅकिऑन यानं आपल्या पलटणीला शिस्त लावायची म्हणून रात्रीच्या अंधारात रिबन क्रीक नावाच्या खाडीत चालवत नेलं. सत्तराहून जास्त पोरं, त्यातल्या काहींना पोहता येत नव्हतं. भरती-ओहोटीची खाडी, पायाखाली चिखल, मध्येच अचानक खोली. पुढची काही पोरं खोल पाण्यात गेली, गोंधळ उडाला, एकमेकांना धरायला लागली. सहा बुडाले.

मॅकिऑनला राक्षस ठरवून मोकळं होता येत नाही, म्हणून हा प्रसंग मला छळतो. तो स्वतः सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरला होता. बुडणाऱ्यांना वाचवायला धडपडला. खटल्यात वाचलेल्या पोरांपैकी बरेच जण त्याच्या बाजूनं बोलले. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल आणि बराकीत दारू घेतल्याबद्दल दोषी ठरला, आणि पुढे शिक्षाही बरीच कमी झाली. 'स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याला सांगू नये' हे आपल्याकडे नेत्याचं मोठं लक्षण मानतात. त्या कसोटीवर हा माणूस उतरला होता. पण पुढे चालणाऱ्याची पाठ मागच्यांकडे असते. सैब घैसाबरोबर पाण्यात उडी मारत नाही, आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. कुणीतरी कोरडं राहून दोरी धरायला लागतं. त्या रात्री रिबन क्रीकच्या काठावर असं कुणी नव्हतं.

दुसरा प्रसंग मार्च १९८८ चा, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल तळावरचा. बुडणाऱ्यांना वाचवणारे जलतरणपटू तयार करणारी शाळा. म्हणजे सक्ती शून्य. पोरं स्वतःहून आलेली. पाण्यात घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो, ती मिठी कशी सोडवायची याचा सराव चालला होता. एकोणीस वर्षांचा एक मुलगा घाबरला आणि ओरडला की मला हे सोडायचं आहे. तसं म्हणण्याचा त्याला नियमानं पूर्ण हक्क होता. तो तलावाच्या काठाला धरून होता. प्रशिक्षकांनी त्याला ओढून पुन्हा पाण्यात घेतलं. बाकीच्यांना पाठ फिरवून राष्ट्रगीत म्हणायला सांगण्यात आलं. तो मुलगा वाचला नाही.

राष्ट्रगीताचा तपशील वाचून तुम्हाला काय वाटलं, ते मला सांगायची गरज नाही. मी त्यातल्या 'पाठ फिरवा' या शब्दांवर जास्त थांबतो. ज्याला आपलं कृत्य योग्य वाटतं, तो साक्षीदारांना पाठ फिरवायला का सांगेल?

आता उस्ताद शेवटचा आणि सगळ्यात हुशार युक्तिवाद करतो. तो म्हणतो, "जो ओरडतो तो बुडत नसतो." आणि हे शास्त्रीयदृष्ट्या बरंचसं खरं आहे! सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणतो. प्रत्यक्षात खरोखर बुडणारा माणूस बहुतेक वेळा गप्प असतो. तोंड पाण्यावर येतं त्या क्षणभरात शरीर श्वास घेण्याचा प्रयत्न करतं, ओरडायला हवा उरत नाही. हात वर जात नाहीत, बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. जीवरक्षकांना म्हणूनच शिकवतात की गडबड करणाऱ्यापेक्षा अचानक शांत झालेल्याकडे बघा. (लहान मुलं घेऊन ममझर किंवा कॉर्निशला जाता तेव्हा हे एवढं तरी लक्षात ठेवा. फोन बॅगेत ठेवा.)

मग ओरडणाऱ्याला हवा आहे हे सिद्ध झालं, तर त्याचं ओरडणं नाटक ठरलं का? मला तर नेमकं उलटं दिसतं. माणसाला खूण करता येते ती फक्त तो बरा असतानाच. घैसही दोरीला हिसका देई तो श्वास संपायच्या आधी. बेशुद्ध घैस हिसका देत नाही. ओरडणं हा बुडण्याचा पुरावा नाही, मान्य. ती बुडण्याआधीची शेवटची खूण असू शकते, आणि वरच्या माणसाला ती आणि नाटक यांतला फरक कळण्याचा काहीही मार्ग नाही. पोर नाटकी होतं आणि तुम्ही त्याला बाहेर काढलंत, तर पाच मिनिटं गेली. नाटकी नव्हतं आणि नाही काढलंत, तर? या दोन चुका तराजूत समान बसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, असं जो तो 'पुरे' म्हणायला लागला तर सैन्य कसं उभं राहणार? रास्त शंका आहे. खडकवासल्याच्या एनडीएतल्या दहा मीटरच्या उडीच्या गोष्टी पुण्यात वाढलेल्या प्रत्येकानं ऐकल्या असतील. वर जाऊन मागे फिरायची मुभा दिली, तर निम्मे जण फिरतील.

पण 'पुरे' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो. एक, 'मला क्षणभर वर घ्या.' दुसरी, 'मला हे कायमचं सोडायचं आहे.' घैसाची दोरी पहिल्या अर्थाची होती. हिसका देऊन वर आलेला घैस घरी जात नसे. बोटीच्या कडेला धरून दम खाई आणि पुन्हा बुडी मारी, दिवसातून कितीतरी वेळा. वर येण्यात लाज नव्हती, कारण वर येणं हा कामाचाच भाग होता. पेन्साकोलाच्या त्या मुलाकडे मात्र एकच दार होतं, 'मी सोडतो.' ते उघडलं की स्वप्न संपलं, नाव गेलं. शिकवणाऱ्यांच्या डोक्यात मग येतं की याला सोडू दिलं तर हा आयुष्यभर पस्तावेल, आपण याचं भलं करू या. याच भल्याच्या कल्पनेतून त्याला काठापासून ओढलं गेलं असेल, तर ते दुष्टपणाहून भयंकर आहे, कारण दुष्टपणा निदान आपल्याला ओळखू येतो.

त्या मृत्यूनंतर अमेरिकी नौदलानं जोखमीच्या शिक्षणात 'ट्रेनिंग टाइम आउट' आणलं. शिकणारा किंवा शिकवणारा, कुणीही खूण केली की सगळं थांबतं. नेमकं काय झालं ते बघायचं, बोलायचं, मग पुढे. सोडून जाण्याचा हक्क वेगळा, थांबण्याचा वेगळा. म्हणजे समुद्रावरच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांनी जी दोरी बांधली होती, ती एका बलाढ्य नौदलाला एक मुलगा गमावल्यावर सापडली. दोरीनं सैन्य ढिलं पडतं असंही मला वाटत नाही. वर ओढलं जाईल याची खात्री असलेला घैसच तळाशी शेवटच्या श्वासापर्यंत थांबू शकतो. खात्री नसेल तर शहाणा माणूस अर्ध्यातूनच परतेल.

राहिला प्रश्न युद्धाचा. लढाईत 'टाइम आउट' नसतो. खरं आहे. पण लढाईत माणूस मेला तर समोर शत्रू असतो, निदान कारण असतं. तरणतलावात शत्रू नसतो. तिथे फक्त शिकणारा, शिकवणारा आणि पाणी.

यातलं बरंचसं आपल्या घरापर्यंतही येतं. इथे जवळपास प्रत्येक मराठी मूल कुठल्या ना कुठल्या कोचकडे पोहायला जातं, आणि आपण काचेपलीकडे बसून ऑफिसच्या ईमेल बघतो. कोच कडक असला की आपल्याला बरं वाटतं. "जरा रडू दे, शिकेल" असं आपणही म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. फी भरायच्या आधी त्याला एकच विचारा: मूल 'थांबा' म्हणालं तर तुम्ही काय करता? "मी त्याला बोलण्यात गुंतवतो" म्हणणारे भेटतील, "सगळी मुलं तसंच म्हणतात" म्हणणारे तर नक्कीच भेटतील. "काठाला आणतो, दोन मिनिटं बसवतो आणि मग परत पाण्यात घेतो" म्हणणारा भेटला, तर त्याच्याकडे मूल खुशाल सोपवा. आणि पहिल्या दिवशी ईमेल न बघता काचेतून बघत बसा, तो तसं करतो का.